जास्तीचं एक माप

नवऱ्याच्या जिवासाठी कुणी उपास धरतं, कुणी वडाला दोरा गुंडाळतं. मी पेट्रोलच्या डब्यात तेल जास्त घालत असे. नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेऊन आलो, कोनाड्यातले देव नदीत सोडले, उपासतापास बंद केले. पण काळजी काही अशी सोडून देता येत नाही. तिने आपली दुसरी वाट शोधली. त्या वाटेवर पुढे जे झालं ते मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेलं नाही.

वर्धा नदीवर आमचा घाट होता, नाचणगावाहून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. पलीकडच्या गावांना पुलगावच्या बाजाराला किंवा स्टेशनवर यायचं तर आमच्याच नावेतून उतरावं लागे. पूर्वी ही नाव बांबूने रेटत. मग घाटाच्या ठेकेदाराने कुठल्याशा लष्करी लिलावातून एक इंजिन आणलं. नावेच्या मागच्या फळीला ते शिकंज्याने आवळायचं, दोरी ओढायची, आणि ते फटफट करत नाव पुढे ढकलायचं. लोक त्याला फटफटीच म्हणत. इंजिन चालवायला माणूस हवा होता, आणि यंत्राशी ओळख असलेला जवळपासचा माणूस म्हणजे माझा नवरा. तो पुलगावला कापसाच्या एका जिनात काम केलेला. त्याच जिनाने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं ठेवून घेतली होती.

या इंजिनाची एक खोड होती. त्याला तेलाची वेगळी टाकी नव्हती. पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागे. इंजिन बसवायला आलेल्या मिस्त्रीने एक टिनाचं माप दिलं आणि सांगितलं, एका डब्याला एक माप, काठोकाठ, ना कमी ना जास्त. दोन बोटं नसलेल्या हाताने नरसाळ्यात ओतताना नवऱ्याचं तेल सांडायचं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचंही. आमच्या वस्तीत कुणा बाईने यंत्राला हात लावला नव्हता, आणि मी तर त्याला रोज जेवू घालत होते. पाणी भरायला आलेल्या बायकांसमोर मी मुद्दाम जरा टेचात डबा हलवत असे.

पहिल्याच भादव्यात नदी फुगली असताना इंजिन मधोमध बंद पडलं. मी काठावर होते. नाव बघता बघता आडवी झाली आणि धारेला लागून वळणापलीकडे गेली. दिसेनाशी झाली तेव्हा मी तिथेच चिखलात बसले. दुपार कलल्यावर सगळे काठाकाठाने चालत परत आले. एका उन्मळलेल्या झाडात नाव अडकली म्हणून वाचले होते. नवरा हसत होता. मला त्याचं हसणं सहन झालं नाही, मी त्याला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले आणि मग रडले.

दुसऱ्या दिवशी डब्यात माप ओतलं आणि हात थांबेना. जिनात चाकाचं बेअरिंग कोरडं पडलं की जळतं, हे मी नवऱ्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा इंजिन कोरडं पडलं म्हणूनच बंद पडलं, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. मी आणखी एक माप ओतलं. पहिलं मिस्त्रीचं, दुसरं माझं. आमच्याकडे रश्शावर तेलाची तर्री दिसली नाही तर पाहुण्याचा पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही. इंजिनालाही मी तसंच सढळ हाताने वाढत राहिले. नवऱ्याला काही सांगितलं नाही.

पावसाळा सरला, नदीचा गढूळपणा बसला. घाटाच्या अंगाला एक डोह आहे. बाकी नदी वाळूतून सरकत असते तेव्हाही डोहाचं पाणी जागचं हलत नाही. नाव तिथेच एका खडकाला बांधून ठेवत. सकाळी माणसं जमेपर्यंत नवरा इंजिन चालू करून तापवत ठेवी. त्याचा धूर पाण्याखालून निघायचा, बुडबुडे यायचे, आणि नाव निघून गेली की त्या जागी पाण्यावर रंग पसरलेले दिसायचे. जांभळा, हिरवा, मध्येच तांब्यासारखा. मला ते छान वाटायचे. खोटं कशाला सांगू, छानच वाटायचे.

डोहाच्या वरच्या अंगाला मासे धरणाऱ्या ढिवरांची चार घरं होती. त्यातल्या शेवटच्या झोपडीत एक बाई एकटी राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. डोहात जाळं टाकायची, मिळेल ती मासळी टोपलीत घालून पुलगावच्या बाजारात नेऊन विकायची. कापडगिरणीतली माणसं तिची ठरलेली गिऱ्हाइकं होती. तिची मुलगी आम्ही घाटावर राहायला येण्याआधीच्या वर्षी डोहात गेली. पाय घसरला की स्वतःहून गेली, कुणी पाहिलं नव्हतं. आता नाव बांधतात त्या खडकावर तिची टोपली सापडली, पोरगी सापडली नाही. आदल्या बाजारात तिने मोरपंखी रंगाच्या लुगड्याचा हट्ट धरला होता आणि आईने पुढच्या बाजाराला घेऊ म्हणून तिला ओढत घरी आणलं होतं. हे मावशीनेच मला सांगितलं, पहिल्या भेटीत, ओळखपाळख व्हायच्या आधी. येईल त्याला ती हेच सांगायची.

माघातली सकाळ होती. डोहावर धुकं होतं. नवरा पहिली खेप घेऊन पलीकडे गेला होता आणि मी त्याची भाकरी द्यायला घाटावर थांबले होते. खडकावर मावशी उकिडवी बसलेली दिसली. ती बोलत होती. आधी मला वाटलं, कुणीतरी पाण्यात उतरलंय. मी पुढे झाले तर पाण्यात कुणी नव्हतं. फक्त ते रंग होते, खडकाला लागून, लांबट, एका टोकाशी चुण्या पडल्यासारखे.

"जेवली काय वं?" मावशी विचारत होती. "थंडी पडून राह्यली, लवकर जात जा घरी." मग जरा थांबून, हळू आवाजात, "भेटलं ना तुले लुगडं. चांगलं दिसते. तुले शोभते."

त्याच वेळी रंग हलले. खडकाच्या कडेकडेने तिच्या पायांच्या दिशेने सरकले. वारा असेल, किंवा पलीकडे नाव काठाला लागली तिचं पाणी आलं असेल. मला हे तेव्हाही कळत होतं. देव-अवतार मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही असं मी दीक्षेच्या वेळी हजारो माणसांमध्ये उभी राहून म्हटलं होतं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. तरी भाकरीचं फडकं घाटावरच्या चिंचेच्या खोडापाशी टाकून मी घराकडे पळत सुटले.

घरी येऊन मी तेलाचं माप विसळायला घेतलं. विसळलेलं पाणी अंगणातल्या खळग्यात ओतलं आणि बघत राहिले. तोच जांभळा, तोच मोरपंखी. मावशी ज्याच्याशी बोलत होती ते मी माझ्या हाताने मापून ओतलेलं तेल होतं.

त्या दिवसापासून घाटावर जायचं माझ्या जिवावर येऊ लागलं. पण जात होते. आडून ऐकत होते, याची मला आजही लाज वाटते. मावशी मुलीला रागवायची, कौतुक करायची, बाजारात काय झालं ते सांगायची. अगदी साधं बोलणं, आया लेकींशी बोलतात तसं. भाकरी थापताना माझ्या कानात तेच चालू राहायचं. हाताला तेलाचा वास असायचा, तो पिठात उतरायचा, आणि भाकरी तोंडाजवळ नेली की मला वाटायचं, त्या पोरीचं काहीतरी माझ्या घासात येतंय. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. त्याने हसून घालवलं असतं.

मग मासळीची गोष्ट सुरू झाली. एक दिवस नवऱ्याने मावशीकडून मासळी आणली. मी मिरची-लसणाचं वाटण लावून रस्सा केला. पहिला घास घेतला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रश्शाला इंजिनाचा वास येत होता. नवऱ्याला वाटलं माझ्या हाताचा. मी गप्प बसले, पण मी हात राखेने घासून धुऊनच स्वयंपाकाला बसले होते.

पुढच्या बाजारी मावशी भरलेली टोपली घेऊन परत आली. त्याच्या पुढच्या बाजारीही. गिरणीतल्या गिऱ्हाइकांनी तिच्या तोंडावर सांगितलं, घासलेटच्या डब्यात मासळी ठेवतेस आणि आम्हाला खाऊ घालतेस. कुणीतरी तिची टोपली पालथी केली. जन्मभर तिने ताजी मासळी विकली होती, सकाळची सकाळी. त्यापलीकडे तिचं म्हणावं असं काही नव्हतं. ती माझ्याकडे आली, उंबऱ्याशी बसली आणि टोपली माझ्यासमोर धरली.

"हुंगून पाह्य वं. मी काई केलं काय हिले?"

मी हुंगल्यासारखं केलं. "नाई, मावशी," मी म्हटलं. "तू काई नाई केलं."

त्यात खोटं काही नव्हतं, आणि तरी ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं होतं. मला कळत होतं की दुसरं माप बंद केलं तर हिचा माल पुन्हा खपेल. पण डब्यासमोर बसले की मला ती आडवी झालेली नाव दिसायची. एकीकडे तिची टोपली, एकीकडे माझा नवरा. मी नवरा निवडत होते, रोज सकाळी, एक माप जास्त ओतून. आणि इंजिन तर पुन्हा कुरकुरायला लागलं होतं. मधूनच आचके द्यायचं, धूर सोडायचं, दोन-दोनदा दोरी ओढावी लागायची. मी घाबरून तिसरं माप घालू लागले.

शेवटी इंजिन डोहातच बंद पडलं, काही केल्या चालू होईना. ठेकेदाराने मिस्त्रीला बोलावलं. नाव ओढून वाळूवर घेतली होती. मिस्त्रीने प्लग काढला आणि हातावर घेऊन नवऱ्याला दाखवला. चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखा काळा, वर चिकट.

"हे पाहा," तो म्हणाला. "काजळीनं गच्च झालाय. ठिणगी पडणार कशी? तेल पाजून पाजून मारता का काय याला? पाण्यात अर्धं तेल तसंच न जळता जातंय. आणि असंच चाललं तर भर पुरात बंद पडेल एक दिवस."

मी भाकरी घेऊन चार हातांवर उभी होते. ज्या भीतीने मी इतके महिने ओतत होते, ती भीती मीच मापाने वाढवत होते. भादव्यात बंद पडलं तेव्हा काय झालं होतं, असं नवऱ्याने विचारलं. मिस्त्री म्हणाला, तेव्हा टाकीत पाणी गेलं असेल, पावसाचे दिवस होते. नवरा माझ्याकडे बघत होता. घरी आल्यावर जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "तू मले बुडवशीन एखाद दिवस." गमतीने म्हणाला, आणि मी ओक्साबोक्शी रडायला लागल्यावर त्याला ताट सोडून उठावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून एकच माप. काठावर बोट फिरवून, जास्तीचं परत बाटलीत. मी तेवढ्यावर थांबले नाही. एकदा चूक कळली की मी हात धुऊन तिच्या मागे लागते, असा माझा स्वभाव आहे. माप नदीत विसळायचं नाही. नरसाळ्याखाली चिंधी. इंजिनाखाली गळेल ते धरायला फुटक्या मडक्याचा तळ. आणि सकाळी इंजिन डोहात तापवायचं नाही, नाव बांबूने धारेपर्यंत रेटायची आणि तिथे चालू करायची. नवरा करवादला, पण त्याने ते केलं. आठवड्याभरात धूर विरळ झाला. इंजिन पहिल्याच दोरीला उठू लागलं. होळीच्या सुमाराला डोहाचा तळ दिसायला लागला, खडकाखालची शेवाळं दिसायला लागली. मावशीच्या दारची मासळी मी स्वतः मागून आणली, शिजवली, आणि तिला मासळीचाच वास होता. मला वाटलं, सुटले.

पण त्यानंतर मावशी बाजाराला जाईना.

ती सकाळी खडकावर येऊन बसायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहायची. बोलत नव्हती. नुसती पाण्यात बघायची. जाळं तिने झोपडीच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, डोहात जाळं टाकलं म्हणून पोरगी रुसली. "तिच्या अंगावर जाळं टाकत राह्यली मी, आंधळी. आता येत नाई ते." शेजारची ढिवरीण तिला कण्या नेऊन द्यायची, त्या तशाच पडून राहायच्या. गालफडं बसली. चैत्र लागला तसं डोहाचं पाणी खाली जाऊ लागलं, आणि ती पाण्याबरोबर एकेक हात खाली सरकून बसू लागली. तिच्याकडे बघून मला कळत होतं की ही पावसाळा पाहायची नाही.

मी नवऱ्याला खडकावरचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी सांगते तिला. खरं काय ते सांगते. रुसण्याफुगण्याचं काही नव्हतं, ते तेल होतं, हे कळलं तर उठेल, जाळं घेईल, खाईल.

"राहू दे," तो म्हणाला. "तुह्यानं नाई होनार थे."

"म्हंजे खोटं चालू द्याचं?"

"मी काई म्हनत नाई. पन तू राहू दे."

मला त्याचा राग आला. खोटं बोलणार नाही, हेही आम्ही त्या गर्दीत उभं राहून म्हटलं होतं की नाही? आणि मी तर महिनोन्‌महिने गप्प बसून खोटं बोललेली. माझ्या मनावरचं ओझं उतरवायची घाई मला झाली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटत होतं की मी तिला वाचवायला निघाले आहे.

मी घरातलं लोखंडी घमेलं घेतलं, बाटलीत थोडं तेल मिसळलेलं पेट्रोल घेतलं आणि डोहावर गेले. सकाळच होती. ती बसली होती. तिच्यासमोर वाळूत घमेलं टेकवलं, डोहाचं पाणी भरलं, आणि पाणी शांत होईपर्यंत थांबले. ती माझ्याकडे बघत होती.

"मावशी, हे पाह्य," मी म्हटलं आणि बाटलीतला एक थेंब टाकला.

काळ्या बुडाच्या त्या घमेल्यात पाण्यावर तो थेंब क्षणभर थांबला आणि मग पसरला. जांभळा, मग मोरपंखी, कडेला तांबूस. पार काठापर्यंत पसरला. मावशी पुढे वाकली. तिला मी इतके दिवस पाठमोरीच ऐकलं होतं, पोरीशी बोलतानाचा चेहरा समोरून पाहिला नव्हता. तो एकदम उजळला. तरी मी बोलले.

"हे तेल हाये, मावशी. इंजनाचं. मीच टाकत होती, लागते त्याच्याहून जास्ती. थे डोहात पसरत होतं. तुह्यी पोरगी रुसली नाई. थे... थे तेल होतं."

तिने हात पाण्यावर धरला होता, पण टेकवत नव्हती. मग घमेल्यावरून नजर न काढता तिने विचारलं, "तू टाकत होती हे? रोज?"

"हो."

"मंग कमी काऊन केलं?"

मला वाटलं तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगू लागले. "मासोयीले वास येत होता, मावशी. तुह्या मालाले कोनी हात लावत नव्हतं. त्याच्यानं..."

"येऊ द्याचा होता वास," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि झोपडीकडे चालू लागली. पाणी हिंदकळू नये म्हणून ती वाळूत एकेक पाऊल जपून टाकत होती. मी बाटली हातात घेऊन तिथेच उभी राहिले. ते घमेलं मागायला मी कधी गेले नाही.